कानडी एक

वडगावात उतरले तेव्हा सकाळचे सात,
आणि गल्ली आधीच खटखटत होती.
घराघरात माग, विजेवरचे.
पत्ता विचारायचा तोही ओरडून.
"भरमाण्णा उचगावकर? अणुभट्टीवाले?
ते काय, गिरणीसमोरचं घर की ओ."

माझ्या पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली चौकट,
चौकटीत ताणलेली एकच पट्टी, रंग न लावलेली,
आणि त्यांची वही, किराणा हिशेबाची,
लाल कापडाच्या पाठीची, डिटेक्टरच्या कपाटामागे सापडलेली.

ते निवृत्त झाले त्या वर्षी आम्ही ती टाइप केली.
तक्ते, रकाने, पानांना क्रमांक.
ज्ञान सुरक्षित झालं, असं अहवालातही लिहिलं.
त्यानंतर बांधलेला प्रत्येक कॉलिमेटर ढिला.

पट्ट्या साठ, मध्ये मिलिमीटरभर वाट,
पट्ट्यांच्या अंगावर गॅडोलिनियमची खळ.
तिरपा शिरलेला न्यूट्रॉन खळ गिळते,
सरळ जाईल तो स्फटिकापर्यंत पोचतो.
पण पट्टीनं पोट काढलं
की सरळ कोण, तिरपा कोण, हिशेबच राहत नाही.
आमची शिखरं रुंदावली, खांदे पाडून बसली,
आणि दोन वर्षं आम्ही स्फटिकाला बोल लावला.

भरमाण्णांनी छापील कागद लांब धरला.
"ताण शून्य दोन? हे कुणी लिवलं?"
तुम्हीच, मी म्हटलं.
पट्टीच्या टोकाला दोन नट टांगायचे, अर्ध्या इंचाचे.
दोनआधी शून्य: केवढा टापटिपीचा माणूस,
असं आम्ही एकमेकांना सांगितलंही होतं.

वही घेऊन ते खिडकीशी गेले.
मग हसू लागले, खोकला येईपर्यंत.
"हा शून्य न्हवं, बाई. हा एक.
कानडी एक."

मी वाकून पाहिलं.
गोल, पण पुरता मिटलेला नाही,
कुणी बोलता बोलता थांबावं तसा.
"शाळा कानडी, घर मराठी,
मोजायला बसलो की आकडे कानडीच येतात हाताला."
बाराचे दोन झाले होते.
टाइप कुणी केलं, ते त्यांनी विचारलं नाही.
मी केलं होतं.

मी पेन काढलं, बारा लिहिलं, खाली रेघ ओढली.
"थांबा. बारा तरी कुठं खरं?
ट्रॉम्बेच्या पावसात चौदा लागायचे.
एकदा रोल बदलला तर धा सुद्धा जड झाले."
मग कळायचं कसं?
"नखानं."

याच खोलीत खड्डामाग होता त्यांच्या वडिलांचा.
ताण्यावरून ते बोट फिरवत जायचे
आणि कुठला धागा रुसलाय ते तिथंच थांबून सांगायचे.
मुलगा शंभर कोसांवर गेला, माग बदलला,
नख तेच.

मी फोन चौकटीजवळ धरला.
त्यांनी टिचकी मारली, ऐकू आले शेजारचे सहा माग.
पुन्हा मारली. पुन्हा माग.
चौकट उशीखाली धरून पाहिली, न्हाणीत नेऊन पाहिली.
भरमाण्णा म्हणाले, "बसा. धा वाजता जातीय."
काय, ते मला कळलं नाही.

दहा वाजून चार मिनिटांनी वीज गेली.
सगळं वडगाव एकदम खाली ठेवल्यासारखं झालं.
कुठंतरी एक बाळ, दचकून, रडू लागलं.
त्यांनी चौदा नट टांगले, डोळे मिटले,
दोन काढले, एक परत लावला,
आणि नख.

तो आवाज कसा होता हे लिहायचा मी प्रयत्न केला आहे,
पान चार, परिच्छेद दोन. वाचू नका.
ध्वनिफीत जोडली आहे, सत्तावीस सेकंदांची.
शेवटी आतून हाक येते,
"भाकऱ्या गार झाल्या की ओ!"
ती कापायला सांगितली होती. कापलेली नाही.

पान एकवर तळटीप:
मूळ वहीतले आकडे कानडी आहेत.
गोल दिसला तर आधी पाहा, मिटलाय का.
पान चारवर, टिचकीच्या आधी:
वीज जाण्याची वाट पाहावी.